उतरता गंधार

सातपूर, नाशिक
१४ नोव्हेंबर १९९७

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तीन वर्षं ज्याच्याशी बोलणं नाही त्याला एकदम तीर्थरूप म्हणायला हात धजेना. नमस्कार तेवढा गृहीत धर. मी माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगतो, म्हणजे तू उगाच खूश व्हायला नको. एक शंका आहे, सुरांची. ती विचारायला तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही, हे माझं दुर्दैव.

आमच्या कारखान्यात मंगळू म्हणून एक हेल्पर आहे, पेठकडचा. त्याचे वडील बहिरूबाबा थाळ गातात. काशाची थाळी असते, तिच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवलेली. काडीवरून बोटं वरून खाली ओढली की थाळी घुमते. एकच सूर, पण छातीत वाजतो. त्यांच्याकडे कोणी वारलं की दिवसकार्याच्या वेळी बाबा बसतात आणि गेलेल्याचं नाव घेऊन गाणं धरतात. तो घरातून निघाला, शेत ओलांडलं, नदीत उतरला, पलीकडे गेला, डोंगर चढला, पूर्वजांच्या घरी पोचला. पोचला की काडीचं मेण काढायचं. मग थाळ मुकी.

माझ्या मनात आलं, ह्याखाली कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, घालून कॅसेट काढावी. बाबा मंगळूकडे आले होते, सुट्टीचा दिवस गाठला, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि केलं रेकॉर्डिंग. ललिता म्हणाली, असलं गाणं घरात नको. बायकोचं ऐकलं असतं तर आज मी कुठल्या कुठे असतो, पण ते जाऊ दे.

कॉर्ड मला तूच शिकवलास. आठवतं का, सायखेड्याच्या स्वयंपाकघरात तीन पाट मांडले होतेस? एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये आई. म्हणालास, "मी सा, हा प, आई ग. आई इकडे सरकली की घर हसतं, तिकडे सरकली की घर रडतं. सा आणि प नुसते बसलेत, त्यांच्या हातात काही नाही." आईने पीठभरल्या हातानेच तुला धपाटा घातला होता. कॉर्ड म्हटलं की मला अजून तेच पाट दिसतात.

तर मी थाळीखाली फक्त सा आणि प धरले. ग मुद्दाम सोडला. बाबांचं गाणं हसरं की रडवं, ते मला कळेना, म्हटलं रिकामंच बरं. आणि कॅसेट ऐकतो तर मध्ये ग आहे! मी वाजवलेला नाही, बाबांनी गायलेला नाही. आईशप्पथ. शुद्ध गंधार, अगदी चोख. तुझी जुनी पेटी माझ्याकडे राहिली आहे ना, तिचे पितळी सूर तू कानशीने घासून लावले होतेस. तिच्याशी ताडून पाहिला, केसाचाही फरक नाही.

तू म्हणशील स्वयंभू गंधार. तानपुरा नीट लागला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, हे तुझं आवडतं प्रवचन मला पाठ आहे. पण तो असा विरळ असतो, असून नसल्यासारखा. हा तर शेजारच्या खोलीत कोणीतरी तोंड मिटून गात असल्यासारखा आहे. इतका ठळक असू शकतो का? एवढंच कळव.

आणखी एक गंमत. बाबा गायलाच तयार नव्हते. म्हणाले, "मेल्याबिगर थाळ नाय बोलत, पोरा. नाव सांग." मी आपलं एक नाव ठोकून दिलं, मनातलं. गाणं सुरू झालं, आणि अर्ध्या तासाने कॅसेटची बाजू संपली, खट. मी हात वर केला, पुरे. बाबा म्हणाले, "आरं, मधीच? मानूस नदीत हाय." म्हटलं, राहिलेलं पुढच्या वेळी.

उत्तर एका ओळीत दिलंस तरी चालेल.

किशोर

*

सातपूर
९ मार्च १९९८

दादा,

उत्तर नाही. तुझा ताठा जातिवंत आहे, मानलं.

पण शंका वाढली आहे म्हणून मी पुन्हा लिहितोय. तो गंधार उतरतोय. हसू नकोस. दोन सूर अगदी एक नसले, जवळजवळ असले, की त्यांच्यात लहर येते, वां-वां-वां, हे तूच कानाला लावलंस. नोव्हेंबरात पेटीच्या गंधाराशी एकही लहर नव्हती. आता सेकंदाला दोन येतात. पहिली पाळी करून दुपारी घरी आलो की घड्याळ धरून मोजतो. ललिता म्हणते, इतकं लक्ष कधी मुलांच्या अभ्यासात घातलं असतंत तर.

पहिली शंका टेपचीच आली. फीत ताणली गेली असेल, मशीन हळू फिरत असेल. पण मग सगळेच सूर उतरायला हवेत ना? सा जागच्या जागी आहे, प जागच्या जागी आहे. मधलाच तेवढा खाली सरकतोय. स्वयंभू गंधार असा सरकत नाही, तो सा ला बांधलेला असतो. मग हा कोणाला बांधलाय?

शुद्ध ग कोमल ग पर्यंत खाली आला की कॉर्ड रडवा होतो. एवढ्याशा वाटेवर हा कुठे निघालाय, मला समजत नाही.

तुझ्या कानाची गरज आहे, म्हणून लिहितो. तुझी नाही.

किशोर

*

सातपूर
२२ ऑगस्ट १९९९

दादा,

वहिनींचं पत्र आलं. तू नाही लिहिलंस, त्यांनी लिहिलं. ललिताला लिहिलंय, मला नाही, पण शेवटी चार ओळी माझ्या वाट्याच्या होत्या. त्या इथे उतरवतो, कारण तुझ्याबद्दल बाहेर काय लिहिलं जातं ते तुला कळलं पाहिजे.

"भावजी, तुमचे दादा हल्ली हाक मारली तर ओ देत नाहीत. हात लावला की वळतात, मग नीट बोलतात. निफाडला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, कान चांगले आहेत म्हणाले. शाळेत पोरांना गाणं शिकवतात, पोरगं बेसूर झालं की लगेच कळतं. पण नावाने हाक मारली तर नाही. आणि दुपारी घाटावर जातात, पाण्यात उभे राहतात. काही करत नाहीत, नुसते उभे. मागच्या वर्षी घोटे बुडायचे, आता गुडघे बुडतात. काय बघता म्हटलं तर म्हणाले, पलीकडे कोणीतरी गायला लागलं होतं, मधेच थांबलं."

मी पत्र वाचून हसलो, खोटं कशाला सांगू. ललिताला म्हटलं, दादाला लहानपणापासून ओ द्यायचा कंटाळाच. ती हसली नाही.

कॅसेट मी दोन महिने लावली नव्हती. पत्र वाचल्यावर लावली. सेकंदाला पाच लहरी.

तू गोदावरीत उभा राहू नकोस. धरणातून पाणी कधीही सोडतात, तुला माहीत आहे. एवढंच सांगायचं होतं.

किशोर

*

सातपूर
३ फेब्रुवारी २००१

दादा,

आज खरं लिहितो. ह्या पत्राचे तीन कागद फाडून झालेत.

मी नाव ठोकून दिलं, मनातलं, असं लिहिलं होतं. ते नाव तुझं होतं.

बाबांनी विचारलं, कोणाचं नाव घेऊ? मी म्हटलं, "यादव." त्यांनी विचारलं, कोणाचा लेक? मी म्हटलं, तानुबाईचा. कोण लागतो तुझा? म्हटलं, "भाऊ होता. मला मेला तो." बाबांनी मान हलवली, चुकचुकले आणि काडीवर बोटं ठेवली. आपल्याकडे रागाने बोलतात तसं बोललो होतो रे. तू मला मेलास, मी तुला मेलो, घराघरात म्हणतात आणि संध्याकाळी एकत्र जेवतात. बाबांकडे तसं कोणी म्हणत नाही. मेला म्हणजे मेला. त्यांनी तुला घरातून काढलं, शेतातून नेलं, नदीत उतरवलं आणि मी हात वर केला.

आयुष्यात तुझं नाव माझ्या तोंडातून निघालं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी तुला दादाच म्हणत आलो. पहिल्यांदा नाव घेतलं आणि ते असं.

राग कसला, हे तुला माहीत आहे. पण मी मोठ्याने कधी सांगितला नाही. चौऱ्याण्णवचा गणपती, सातपूरच्या मंडळासमोरचा आपला ऑर्केस्ट्रा. मी तुझ्या वरचा सूर धरला होता आणि तू गाणं थांबवून माइकमध्ये म्हणालास, "किशोर, तू नुसतं वाजव. तुझा गंधार उतरतो." माणसं हसली. ललिता पहिल्या रांगेत होती. माझा गंधार उतरतो हे मलाही माहीत होतं, दादा. कानात सांगायचंस.

मग मी ऑर्केस्ट्राच्या पाटीवरून तुझं नाव पुसलं. 'यादव-किशोर' होतं, नुसतं 'किशोर' केलं. तू चंबूगबाळं आवरून सायखेड्याला निघून गेलास. आणि आई गेली तेव्हा मी कार्यक्रम आहे असा निरोप धाडला. कार्यक्रम नव्हता. मी घरातच बसलो होतो, कपडे घालून, पिशवी भरून. तुझ्या समोर उभं राहावं लागेल म्हणून उठलो नाही. आईला खांदा दिला नाही मी. तेव्हापासून आपण दोघं नुसते सा आणि प आहोत. मधलं माणूस नाही. हसायचं की रडायचं ते सांगणारं कोणी उरलं नाही.

गेल्या आठवड्यात मंगळूला घेऊन त्याच्या गावी गेलो होतो. बहिरूबाबा अंगणात नागली पाखडत होते. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट. आत गेले, थाळ घेऊन आले. काडीचं मेण अजून तसंच होतं. म्हणाले, "मी काढलं नाय. मानूस पोचल्याबिगर कसं काढू? तीन वरसं दुसऱ्याची थाळ मागून आणतो मी." काडीला हात लावू दिला नाही मला.

"पुरी केली त तो जाईल," म्हणाले. "नाय केली त आपल्या पायानं जाईल, हळूहळू. तू असं कर, त्याच्या तोंडाम्होरं जा. ज्या नावानं मारलास त्याच नावानं हाक मार. त्यानं ओ दिली की मी मेण काढतो. आता नुसत्या हाकेवर भागंल. उशीर नको करू."

मी येतो, दादा. ह्या महिन्यात जमत नाही, दोन मशीन नव्या आल्यात. मार्चमध्ये येतो. तोवर हे पत्र वाच आणि मी दारात दिसलो तर आत घे. आधी तू एक ओळ लिहिलीस तर मला यायला सोपं जाईल.

किशोर

*

सातपूर
१८ एप्रिल २००३

दादा,

मी आलो नाही. मार्च गेला, आणखी एक मार्च गेला, हाही गेला. मशीनचं कारण खोटं होतं. तुझी एक ओळ आली की निघू, असं म्हणत मी बसून राहिलो. सायखेडा काय लांब आहे? एसटीने तास. मला इथून मुंबईला कार्यक्रमाला जायला कधी कंटाळा आला नाही.

काल वहिनींचा फोन आला, गावातल्या बूथवरून. रडत होत्या. "आता कमरेच्या वर पाणी असतं हो. दोघा जणांनी धरून आणलं. आज विचारलं, कुठे निघालात, तर म्हणाले, अर्ध्यात सोडलंय मला." माझी पत्रं तू फोडलेलीच नाहीस हेही त्यांनी सांगितलं. सगळी ट्रंकेत आहेत, शिक्क्यांसकट.

फोन ठेवला आणि कॅसेट लावली. पेटीवर आता शुद्ध गंधार धरतच नाही, उपयोग नाही, कोमल धरतो. कोमल गंधाराशी एकच लहर उरलीये. इतकी सावकाश की एकदा वाटलं संपलीच.

उद्या पहाटेची पेठची गाडी धरतो. बाबा आजारी आहेत, मंगळू सांगत होता.

हे पत्रही तू फोडणार नाहीस, तरी लिहितोय. हात थांबत नाहीत.

किशोर

*

सातपूर
२ मे २००३

दादा,

ह्या वेळी पाकीट वहिनींच्या नावाने टाकलंय आणि वर लिहिलंय, मोठ्याने वाचून दाखवा. वहिनी, थांबू नका, त्यांनी उठून जायचं म्हटलं तरी वाचत राहा.

बाबांना उठवत नव्हतं, मंगळूने पाठीला आधार दिला. मी म्हटलं, आता जातो आणि हाक मारतो. त्यांनी मान हलवली. "तेव्हा पुरली असती. आता पानी कमरंवर गेलं. नुसत्या हाकंनं नाय येत मानूस. त्याच्या जाग्यावर दुसरं ठेवाय लागतं." मी विचारलं, दुसरं म्हणजे? त्यांनी माझ्या छातीला बोट लावलं. मंगळूने तोंड फिरवलं.

दोन मुलं आहेत मला. पण आईच्या वेळी पिशवी भरून बसलेला मी आठवलो, आणि म्हटलं, घ्या. किशोर. तानुबाईचा लेक.

बाबांनी काडीवर चार वेळा बोटं ओढली. गायले नाहीत, फक्त तुझं नाव एकदा आणि माझं एकदा. एवढंच. थाळ घुमली आणि माझ्या पावलांना गार लागलं. सारवलेली कोरडी जमीन होती.

तसाच सायखेड्याला आलो. तू पाण्यात होतास, पाठमोरा, हात दोन्ही बाजूंना पसरून. पायरीवर उभा राहून मी ओरडलो, "यादव!" घाटावरच्या बायका धुणं टाकून बघायला लागल्या, मोठ्या भावाला नावाने हाक मारतो हा कोण म्हणून. मी दुसऱ्यांदा ओरडलो.

आणि तू ओ दिलीस. आईने परसातून मारलेल्या हाकेला द्यायचास ना, तशीच, लांबलचक, थोडी चिडकी. दादा, त्या ओ साठी मी काहीही दिलं असतं. दिलंच म्हणा.

तू वर आलास, अंग पुसलंस आणि मग मला ओळखलंस. माझ्या शेजारून निघून गेलास. वहिनींना म्हणालास, "ह्याला सांग, आईच्या वेळी यायचं होतं." बरोबर बोललास. मी दारात तासभर उभा होतो, तू बाहेर आला नाहीस. तुझा राग खरा आहे, आणि तो मला ऐकू येईल इतका तू परत आलास, ह्यात मी खूश होतो. गाडीत बसून हसत होतो वेड्यासारखा.

आता पुढचं. परवा ललिताने मला पाच हाका मारल्या म्हणे, चहा गार झाला. मी खिडकीशीच होतो. मला एकही ऐकू आली नाही. कारखान्यात फोरमन खांद्याला हात लावून गेला, म्हणाला, झोपलास का? काल पाळी संपवून बूट काढले तर मोज्यांतून पाणी निथळलं. बाहेर ऊन रखरखतंय. ललिताने मोजे पिळले आणि दोरीवर टाकले.

कॅसेट लावली. सा आहे, प आहे. मधला कोमलापाशी गेलेला गंधार आता तिथे नाही. पुन्हा वर, शुद्धाजवळ आहे. पण तुझ्यासारखा चोख नाही. पहिल्या दिवसापासूनच थोडा खाली, आणि जरासा कापतो. मी पेटीवर ताडूनही पाहिला नाही. ओळखला. चौऱ्याण्णवच्या गणपतीत दोन हजार माणसं हसली होती, तोच आहे तो. माझा.

बाबांनी मेण काढलेलं नाही. निघताना म्हणाले, "ज्याच्या जाग्यावर बसलास त्यानं नाव घेऊन हाक मारली की सुटशील. मी हाय तवर ये म्हनावं, मेण मलाच काढाय लागतं." ते फार दिवस नाहीत, दादा.

मला तुझं नाव घ्यायला जीभ रेटावी लागली. तुला तसं काहीच नाही. तू लहानपणापासून मला नावानेच हाक मारत आलास. माइकमध्येसुद्धा. तशीच मार, रागाने मार, चारचौघांत मार, उतरतो म्हणून मार. फक्त समोर येऊन मार.

सायखेड्याहून सातपूर तासाचा रस्ता आहे. मला सहा वर्षं लागली. अजून पाणी घोट्यापर्यंतच आहे, दादा, अजून नुसत्या हाकेवर भागतंय.

तुझा
किशोर